तिसरी गिटार

सुधाकरराव दोन वाजता यायचा होता. मांडवाच्या खांबावरच्या घड्याळात दोन वाजून नऊ मिनिटं झाली होती आणि वीणा अजून बाबारावाच्याच गळ्यात होती. सप्ताहाच्या वीणेचा नियम एकच, ती खाली ठेवायची नाही. सात दिवस ती एकाच्या गळ्यातून निघते ती थेट दुसऱ्याच्या गळ्यात जाते. मधे जमीन नाही, भिंत नाही, खुंटी नाही. ज्याच्या गळ्यात ती असेल त्यानं उभं राहायचं, तार छेडायची आणि नाम घ्यायचं. दोन दोन तासांचे पहारे वाटलेले असतात. यादी बाबारावानंच केली होती, दुकानातल्या बिलबुकाच्या कोऱ्या पाठीवर, आणि तीत ‘दोन ते चार : सुधाकरराव’ असं सुवाच्य अक्षरात लिहिलेलं होतं. अक्षर चांगलं असलं म्हणजे माणूस वेळेवर येतो अशी त्याची बासष्ट वर्षं समजूत होती. ती आता पायांच्या पोटऱ्यांतून हळूहळू उतरत होती.

मांडवापासून हायवे पाच मिनिटांवर. नागपूरहून हैदराबादेकडे जाणाऱ्या ट्रकांचे हॉर्न नामाच्या मधे मधे येऊन बसत. गुडीहत्नूरच्या माणसाला ते ऐकू येत नाहीत, पण आज बाबारावाला प्रत्येक हॉर्न आपल्यालाच हाक मारतोय असं वाटत होतं. तिथं चहाच्या टपरीसमोर एक पांढरी गाडी उभी होती, किंवा असायला हवी होती. गाडीच्या डिकीत चादरीत गुंडाळलेली एक जुनी बेस गिटार. गाडीचा मालक सुरेंद्र डेकाटे, नागपूरचा, नोकरी बदलून बायकोमुलांसकट हैदराबादला निघालेला. दोन ते अडीच थांबतो, त्यापुढे नाही, असं त्यानं काल फोनवर सांगितलं होतं. तिकडे हैदराबादेत एक जण घ्यायला तयार आहे, पण तुम्ही आधी विचारलंत म्हणून तुम्हाला आधी. इतकं सरळ बोलणं बाबारावानं धंद्यात कधी ऐकलं नव्हतं. म्हणून तर त्यानं बारा ते दोनचा पहारा मुद्दाम मागून घेतला. दोनला वीणा द्यायची, नमस्कार करायचा, चपला शोधायच्या, हायवे गाठायचा. सगळा विचार झाला होता. सुधाकररावाचं जेवण तेवढं विचारात घ्यायचं राहिलं होतं.

कुडत्याच्या खिशात फोन थरथरला. वीणेच्या भोपळ्याखाली, छातीच्या डाव्या बाजूला. बाबारावाचा उजवा हात तारेवर होता, डाव्या हातात चिपळ्या होत्या, तोंडात रामकृष्ण हरी होतं. तीन अवयव देवाकडे आणि चौथा, जो नेमका थरथरत होता तो, डॉक्टरांनी जपायला सांगितलेला. फोन थरथरून थरथरून गप्प झाला. समोर सहा बायका टाळ वाजवत बसल्या होत्या, त्यांच्यात तिसरी त्याची बायको रुख्मिणी. खांबाला टेकून पांडुरंगराव बसले होते, वय चौऱ्याऐंशी, डोळे मिटलेले. ते समाधीत आहेत की झोपेत हे ठरवायचं धाडस गावात कोणी करत नसे. कापसाची वेचणी चालू होती. यादीतली बाकी सगळी माणसं शेतात पसरली होती आणि ज्याच्या गळ्यात तुळशीची माळ नाही त्याला वीणा धरता येत नव्हती. टाळ कुटणारा एकच गडी हाताशी होता, अमृतराव, बी-बियाण्याच्या दुकानाचा. त्याला माळ नव्हती, कारण त्याला रविवार होता, आणि रविवारी त्याच्या घरी काय शिजतं ते वाऱ्यानं सगळ्या गल्लीला माहीत होतं.

बाबारावानं एक पाय सैल केला. दोन तास एकच सूर छेडून बोटाचं टोक बधिर झालं होतं. हे बोट एके काळी चार जाड तारांवर फिरत असे. पंच्याऐंशी-शहाऐंशी साली आदिलाबादेत एक ऑर्केस्ट्रा होता, ‘सूरसरिता’ नावाचा, आणि पाच वर्षं बाबाराव त्यात बेस वाजवत होता. गिटार मालकाची, कोटसुद्धा मालकाचा. गणपतीत, लग्नात, निर्मलपासून बोथपर्यंत टेंपोत बसून हिंडायचं आणि स्टेजवर ड्रमच्या शेजारी अंधारात उभं राहायचं. गाणाऱ्याला हार मिळे, बासरीवाल्याला वन्स मोअर मिळे. बाबारावाचे वडील एकदा कार्यक्रम पाहायला आले आणि रात्री जेवताना म्हणाले, सगळं झ्याक होतं, पण तुझं काई आयकूच नाई आलं बुवा. त्यांचं खरं होतं. बेस ऐकू येत नाही. ती असते म्हणून बाकीचं ऐकू येतं. हे वडिलांना कसं सांगायचं ते त्याला तेव्हा सुचलं नाही आणि आता सुचून उपयोग नव्हता. मात्र एकदा बोथच्या एका लग्नात गाण्याच्या ऐन मध्यावर त्याची सगळ्यात जाड तार तुटली. ढोलक चालू, गाणं चालू, बाकी सगळं चालू, आणि नाचणारी पोरं एकाएकी थांबली. एकमेकांकडे पाहायला लागली. काय थांबलं ते कोणालाच कळेना. पन्नास-साठ माणसं अंगणात पाय उचललेल्या अवस्थेत उभी आणि कारण फक्त बाबारावाला ठाऊक. आपण जगात आहोत याचा इतका स्पष्ट पुरावा त्याला नंतर कधी मिळाला नाही. नव्वद साली लग्न झालं, कोट परत केला, गिटार परत केली, आणि वडिलांच्या पाईप आणि मोटारींच्या दुकानात तो जो बसला तो बसलाच. दुकान वडिलांचं, घर आजोबांचं, मंडळाचं सचिवपद मंडळानं गळ्यात घातलेलं. त्याच्या नावावर बरंच काही होतं. त्याचं असं त्यात काय होतं ते तो कधी कधी गल्ल्यावर बसून आठवून पाही, आणि तेवढ्यात कोणीतरी अर्धा इंची एल्बो मागे.

मग फोन आला. म्हणजे मुलानं, प्रज्वलनं, हैदराबादहून दिलेला मोठ्या काचेचा फोन. त्यात जुन्या वस्तू विकणाऱ्यांची एक जागा होती आणि दुपारी गिऱ्हाईक नसताना बाबाराव तिथं जुन्या बेस गिटारी पाहत बसे. नवी त्याला नकोच होती. नवी गिटार म्हणजे नव्या नवरीसारखी, काही बोलतच नाही. जुनीच्या पाठीवर कोणाच्या तरी पट्ट्याच्या बकलाचे ओरखडे असतात, मानेच्या मागे एका ठिकाणी पॉलिश मऊ झालेलं असतं, आणि तिथं हात ठेवला की आपल्या आधी कोणीतरी हे सूर ह्याच जागी शोधले होते असं तळव्याला कळतं. पहिली लाल गिटार नांदेडच्या एका मोडलेल्या ऑर्केस्ट्राची घेतली. फोटोत सरळ होती. घरी आली ती धनुष्यासारखी वाकलेली. उन्हात टांगून ठेवली होती म्हणे. तरी बाबारावानं तिला हळूहळू सुधारली असती, पण दिवाळीला सून आली. हर्षालीला ती इतकी आवडली की तिनं ती हैदराबादला नेली आणि हॉलच्या भिंतीवर टांगून तिच्या मानेवरून मनी प्लँट चढवला. व्हिडिओ कॉलवर बाबारावाला ती दिसते. पानं चांगली धरली आहेत. दुसरी निर्मलची. तिच्या मालकानं मूळ रंग खरवडून तिच्यावर निर्मलच्या चिताऱ्याकडून मोर काढून घेतले होते, सोनेरी, पिसाऱ्यासकट. बाबारावाला हळहळ वाटली, पण मान सरळ होती, आवाज गोड होता. तो चार दिवस वाजवून पाचव्या दिवशी दुकानातून घरी आला तर ती बैठकीतल्या काचेच्या कपाटात उभी होती. एवढी मोलाची चित्रकारी, पिसारा झिजून राह्यला तुमच्या बोटांनी, असं रुख्मिणी म्हणाली, आणि किल्ली तिनं कमरेला लावली. तिच्या मनात काही वाईट नव्हतं. तिच्याच काय, कोणाच्याच मनात काही वाईट नव्हतं. हेच तर होतं. वाईट असतं तर भांडता आलं असतं.

तिसरीचं म्हणून त्यानं कोणाला सांगितलं नाही. ती तपकिरी होती, साधी, काहीच न काढलेली. फोटो दोन बोटांनी मोठा करता करता त्याला पिकअपच्या, म्हणजे तारांखालच्या आवाज पकडणाऱ्या पट्टीच्या वर, जिथं उजव्या हाताचा अंगठा टेकतो तिथं, चिंचोक्याएवढी जागा झिजून पांढरी पडलेली दिसली. अख्खी गिटार जपलेली आणि तेवढीच जागा लाकडापर्यंत गेलेली. म्हणजे कोणीतरी रोज, वर्षानुवर्षं, अंगठा न हलवता तिथंच टेकवून वाजवत बसलेला. बाबारावानं गल्ल्यावर बसल्या बसल्या आपला अंगठा फोनच्या काचेवर त्या जागी ठेवला. फोटो सरकला आणि खाली कोणाचा तरी जुना फ्रीज आला, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. त्यानं भाव केला नाही. नागपूरकराला संशय येईल इतक्या पटकन हो म्हणाला. वडिलांची आहे, पोरगा फोनवर म्हणाला, ते गेले चैत्रात. दुकानाच्या मागच्या गोदामात पाईपांच्या वेटोळ्यांमागे बाबारावानं तिच्यासाठी जागा झाडून ठेवली. तिथं फक्त तोच जात असे. ती त्याची असणार होती. घराची नाही, भिंतीची नाही, कपाटाची नाही. बासष्टाव्या वर्षी माणसाला एवढी एक हाव धरायला हरकत नसावी, असं त्यानं स्वतःलाच तीन-चार वेळा समजावलं होतं.

दोन वाजून चौदा. सुधाकररावाच्या घरी निरोप गेला, उत्तर आलं, ते घरी नाहीत. फोन लावला तर फोन घरीच चार्जिंगला. खिशात पुन्हा थरथर सुरू झाली आणि ती थांबेपर्यंत बाबारावाला एका वेळी दोन गोष्टी कळल्या. हा फोन उचलल्याशिवाय ती गिटार राहणार नाही, आणि उचलायला हात नाही. त्यानं अमृतरावाकडे पाहिलं. अमृतराव टाळ कुटत जवळ आला. नाम मोडून बोलायचं नाही, म्हणून बाबाराव नामातच बोलला, चालीवर: रामकृष्ण हरी, हायवेवर पांढरी गाडी, रामकृष्ण हरी, टपरीपाशी, सुरेंद्र नाव, रामकृष्ण हरी, माझ्या उजव्या खिशात पाकीट, रामकृष्ण हरी, गिटार घेऊन दुकानात ठेव. बायका भक्तिभावानं मागून म्हणत राहिल्या. त्यांतली एक ‘पांढरी गाडी’सुद्धा म्हणाली. अमृतरावानं खिशातून पाकीट काढलं, चाचपून पाहिलं. बाबारावानं नाम थांबवून, त्या दिवशीचं पहिलं पाप करून, त्याच्या कानात म्हटलं, “भाव ठरला हाय. तू भाव करू नको.”

अमृतरावानं मान हलवली. श्वास घेऊ नको असं सांगितल्यावर माणूस जशी हलवेल तशी. हा माणूस मांडवाचं कापड, माईकचं भाडं, पंगतीचा गूळ, सगळं घासून आणत असे, आणि त्याचं वाक्य एकच होतं, देवाचं काम हाय. ते म्हटलं की समोरच्याचा आवाज खाली येई. रविवारचा माणूस असूनही देवाचं नाव मंडळात सगळ्यांत जास्त वेळा तोच घेत असे.

तो गेला आणि बाबाराव उरला. घड्याळाचा मोठा काटा चारावर होता. रुख्मिणी टाळ वाजवता वाजवता त्याच्याकडे पाहत होती, घाम आला की काय म्हणून. घाम आला होता. मानेवर पट्टा रुतला होता आणि त्याच्या डोक्यात हायवेवरची गाडी सुरू होत होती, थांबत होती, पुन्हा सुरू होत होती. गाडीत बसलेली बायको म्हणत होती, आणखी किती वेळ. मुलं रडत होती. त्यांना त्यानं कधी पाहिलं नव्हतं, पण ती आता त्याला नावानिशी ओळखीची वाटायला लागली. वीणा अशीच गळ्यातून काढावी, खुर्चीवर ठेवावी आणि निघावं, असा एक विचार त्याच्या पायांपर्यंत आला. काय होईल? आकाश पडणार नव्हतं. पडेल तो सप्ताह. चाळीस वर्षं गावात कोणी पडू दिला नाही तो बाबाराव पाईपवाल्यानं पाडला, एवढंच होईल, आणि तो पुढची वीस वर्षं अर्धा इंची एल्बो विकताना गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत ते वाचत बसेल. वीणा फार हलकी होती. भोपळा, पोकळ लाकूड, तार. हलक्या वस्तूलाच माणूस असा बांधला जातो हे त्याला नवीन होतं. खऱ्या वजनाची, खांदा खाली ओढणारी ती तिकडे डिकीत पडली होती आणि हिच्या एकाच सुराखाली तो उभा होता, आणि सूर, खरं सांगायचं तर, जरा उतरलेलाही होता. ताण द्यायची सोय नव्हती. उतरलेल्या सुरात त्यानं नाम चालू ठेवलं.

अडीचवर पाच मिनिटं झाली असताना अमृतराव मांडवात शिरला. त्याच्या मागून एक चष्मा घातलेला, तिशी-पस्तिशीचा पोरगा, चपला काढून, पँट घोट्याच्या वर दुमडून. त्याच्या दोन्ही हातांवर चादरीतली गिटार होती, बाळासारखी आडवी. दुकानात ठेव म्हणून सांगितलं होतं, हे बाबारावाच्या मनात उमटेपर्यंत अमृतराव देवासमोर पोचला आणि त्यानं माईक हातात घेतला.

“नागपूरचे सुरेंद्र डेकाटे यांनी आपले वडील कैलासवासी भगवंतराव डेकाटे यांच्या स्मरणार्थ मंदिराले गिटार अर्पण केली हाय. एक रुपया न घेता. बोला, पुंडलिक वरदा.”

बायका बोलल्या. पांडुरंगराव डोळे न उघडता बोलले. कर्णा हायवेच्या दिशेनं होता, ट्रकवाल्यांनीही ऐकलं असेल. बाबारावाच्या तोंडातून रामकृष्ण हरी निघालं ते केवळ सवयीनं. काय झालं असेल ते त्याला सांगायची गरज नव्हती. अमृतरावानं भाव करायचा नाही असं मनाशी ठरवलं असेल, टपरीपर्यंत ते टिकलंही असेल. मग समोर विकणारा दिसला आणि त्याच्या जिभेनं आपणहून म्हटलं, देवाचं काम हाय. थोडं कमी होईल एवढीच अपेक्षा. पण समोर सरळ बोलणारा माणूस होता. त्याला वाटलं, बाबांची वस्तू देवाला जाते आहे तर पैसे कसले. बाबांचं नाव तेवढं घ्या, म्हणाला असेल. आणि भाव पडता पडता शून्यावर आला, जिथून कोणताही व्यापारी माघारी फिरत नाही. अमृतराव वीणेजवळ आला, पाकीट बाबारावाच्या खिशात परत सारलं आणि खिशावर दोनदा थोपटलं. “पाहा,” तो कुजबुजला, “तुमी तर पुरा भाव देऊन राह्यले होते. आन् वाजवणारे तुमीच. दर एकादशीले भजनात. मीनं सांगूनच टाकलं त्यायले.”

गिटार देवासमोर पाटावर ठेवली गेली. एका बाईनं तिला हळद-कुंकू लावलं. तपकिरी लाकडावर दोन बोटं, पिकअपच्या वर, नेमक्या त्या पांढऱ्या पडलेल्या जागी. बाबारावानं ते पाहिलं. ही माझी आहे, असं म्हणायला फक्त तोंड उघडायचं होतं, आणि तोंड तर तो उघडतच होता, दर तीन सेकंदांनी. पण म्हटलं की त्या चष्मेवाल्या पोराला कळणार, की देवाचं नाव सांगून आपल्याकडून फुकट काढली. अमृतरावाची मांडवात शोभा होणार. पैसे परत देऊ केले तर तो घेणार नाही, कारण वडिलांचं नाव कर्ण्यावरून जाऊन चुकलं. कोणीच वाईट नव्हतं. पुन्हा एकदा कोणीच वाईट नव्हतं, आणि बाबाराव त्या सगळ्या चांगुलपणाच्या मधोमध वीणा घालून उभा होता.

सुधाकरराव सापडला तेव्हा पावणेतीन झाले होते. तो घरी गेलाच नव्हता. पंगतीत जेवला आणि हात धुवायला म्हणून मांडवामागं गेला तो ज्वारीच्या पोत्यांवर आडवा झाला होता. गालावर पोत्याची नक्षी घेऊन तो आला, कोणाशी नजर न मिळवता वीणेखाली मान घातली. रिवाजाप्रमाणे दोघं एकमेकांच्या पाया पडले. सुधाकररावाच्या पायावर डोकं टेकवताना बाबारावाला हसू आलं आणि ते त्यानं नमस्कारात वापरून टाकलं. उभा राहिला तेव्हा गळ्यात काही नव्हतं. मान नुसतीच होती, वाऱ्याला उघडी. त्याला चप्पल घालून कुठंतरी चालत सुटावंसं वाटलं, आणि तेवढ्यात सुरेंद्र पुढं आला.

“एकदा ऐकून जावं म्हणतो,” तो म्हणाला. “तुम्ही वाजवता असं कळलं. बाबा गेल्यापासून कोणी हात लावला नाही. सकाळीच तारा पुसल्या मी.”

माईकवाल्यानं वायर आणून दिली. अमृतरावानं सुधाकररावाला खूण केली, नाम हळू झालं. बाबारावानं गिटार उचलली आणि पट्टा गळ्यात घातला. वजन खांद्यावर आलं, ओळखीचं, हाडापर्यंत. त्यानं ती डोळ्याशी धरून मान पाहिली. मान सुतासारखी सरळ. पडदे झिजलेले, पण एकसारखे, समजून झिजवलेले. डावा हात मानेमागं गेला आणि पॉलिश मऊ झालेल्या जागेवर जाऊन थांबला, न शोधता. उजवा अंगठा कुंकवावर टेकला. इतकी चांगली बेस त्यानं जन्मात हातात धरली नव्हती. आता एक सूर काढला की संपलं. मांडव हादरेल, बायका माना डोलावतील, एकादशी ठरेल, ही देवळाच्या कपाटात जाईल आणि किल्ली मंडळाकडे, म्हणजे सचिवाकडे, म्हणजे त्याच्याकडेच राहील, आणि तो महिन्यातून दोनदा सही करून तिला बाहेर काढील. त्याची करंगळी खाली आवाजाच्या बटणावर गेली. ते बटण कशाचं ते मांडवात कोणाला ठाऊक नव्हतं. करंगळीनं ते पार मागं फिरवलं, शेवटपर्यंत, आणि तिथंच झाकून धरलं. मग त्यानं तार छेडली. कर्ण्यातून काही आलं नाही. दुसरी छेडली. माईकवाल्यानं वायर हलवली, मशीनला थापटलं. काही आलं नाही.

“बंद हाय,” बाबाराव म्हणाला.

देवासमोर त्याचा आवाज बरा लागला, याचंच त्याला नवल वाटलं. मग त्यानं सुरेंद्रकडे पाहिलं, आणि पाहिलं नसतं तर बरं झालं असतं. पोरगा चेहऱ्याकडे पाहत नव्हता. तो करंगळीकडे पाहत होता. ज्या घरात ही गिटार तीस वर्षं वाजली त्या घरातल्या पोराला ते बटण माहीत नसणार असं कसं होईल? चष्म्यामागचे डोळे करंगळीवरून अंगठ्यावर गेले, तिथून मानेमागच्या डाव्या हातावर आणि तिथं बराच वेळ थांबले. बासष्ट वर्षांची अब्रू एका बोटाखाली दाबून तो उभा होता आणि ते बोट उचलणं आता त्या पोराच्या हातात होतं. अमृतराव म्हणाला, असं कसं बंद, ह्या मानसानं तर चालू म्हणूनच देली. आणि सगळे सुरेंद्रकडे वळले.

“आतली वायर सुटली असेल,” सुरेंद्र म्हणाला. “बाबांच्या वेळीपण व्हायचं असं.” त्यानं नजर गिटारीवरून काढली. “घरी नेऊनच बघावी लागेल यांना. सावकाश करा, काका. घाई नाही.”

त्यानं वाकून देवाला नमस्कार केला, मग गिटारीच्या कडेला दोन बोटं लावून ती कपाळाला लावली आणि पँट खाली सोडत निघून गेला. हायवेवर बायकोनं त्याला काय काय ऐकवलं असेल ते बाबारावाला कधीच कळलं नाही.

तेव्हापासून मंदिराची गिटार दुरुस्तीला आहे. तशी नोंद बाबारावानंच सचिव म्हणून सुवाच्य अक्षरात केली. दर एकादशीला अमृतराव विचारतो, आणि बाबाराव सांगतो की एक बारीक भाग हैदराबादहून यायचा आहे. अमृतरावानं तो भाग देवाच्या नावावर फुकट आणून देण्याची तयारी दाखवली आहे, त्यामुळे भागाचं नाव दर वेळी बदलावं लागतं. गिटार गोदामात पाईपांमागे आहे. ती त्याचीच आहे, फक्त ती वाजली की ती त्याची राहत नाही. मशीनला जोडता येत नाही. साधा सूर बाहेर गेला तरी रस्त्यावरून जाणारा म्हणेल, झाली वाटते दुरुस्त. न जोडलेली बेस वाजवली तर वीतभर अंतरावर नुसती कुजबुज ऐकू येते. एका दुपारी मान वाकवून तार पुसताना त्याचा जबडा गिटारीच्या वरच्या शिंगासारख्या टोकावर टेकला आणि सूर एकदम त्याच्या डोक्यात उभा राहिला. कानातून नाही, हाडातून. दातांतून, गालफडातून, टाळूपर्यंत, आदिलाबादच्या कुठल्याच स्टेजवर कधी आला नव्हता इतका मोठा. आता तो तसाच वाजवतो, शटर अर्धं ओढून, पाईपच्या वेटोळ्यावर बसून, जबडा लाकडाला टेकवून, बाहेरच्या जगाला काही न कळू देता. वाजवून झालं की तासभर तोंड बधिर असतं आणि गिऱ्हाइकाला भाव सांगताना शब्द जड येतात. लोकांना वाटतं दाढ दुखते. त्यावर दोन जणांनी लवंगेचं तेल आणून दिलं.

चैत्रात सुरेंद्रचा फोन आला. वडिलांचं वर्षश्राद्ध होतं. हैदराबादेत बरं चाललंय, वगैरे. दुरुस्ती कुठपर्यंत आली, असं त्यानं विचारलं. बाबारावानं शटरकडे पाहिलं, फोन गिटारीवर पालथा ठेवला आणि वाजवायला लागला, कोणतंच गाणं नाही, नुसती चाल, खाली-वर. खालचे सूर फोनला पेलत नाहीत हे त्याला माहीत होतं. पलीकडे जाणार होती ती फक्त बोटांची टकटक, तारेवरून उतरताना होते ती. ते पुरेसं असावं किंवा नसावं. बऱ्याच वेळानं त्यानं फोन कानाला लावला. पलीकडे कोणीतरी नाक ओढलं.

“म्हणजे अजून बंदच आहे,” सुरेंद्र म्हणाला.

“बंदच हाय.”

“होईल असं वाटत नाही ना?”

“नाई,” बाबाराव जड जिभेनं म्हणाला. “माह्या हातून तरी नाई.”

शटरवर बाहेरून थाप पडली. रुख्मिणी जेवायचा डबा घेऊन आली होती, आणि एवढ्या वेळ कोनासंगं बोलून राह्यले, असं विचारत होती. बाबारावानं गिटार पाईपांमागं सरकवली, गालावर उठलेला लाकडाचा वळ तळव्यानं चोळला आणि शटर वर करायच्या आधी जबडा दोन-तीनदा उघडून मिटून पाहिला, बोलता येतंय का म्हणून.